सावलीत ओतलेलं गाव

कांसं वितळवायला हजार अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. अशी भट्टी वाळवंटात लावायची तर लावायची कुठे? चार भिंतींत कोंडली तर ओतारी आतल्या धगीनं भाजणार, उघड्यावर मांडली तर वरच्या उन्हानं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या उत्तरेला ११० किलोमीटरवर आर्कोसांती नावाची वस्ती आहे. तिथे या प्रश्नाचं उत्तर काँक्रीटमध्ये उभं आहे.

नारळाची वाटी पालथी घालून मधोमध उभी चिरली, तर जो अर्धा तुकडा जमिनीवर उभा राहील, तसा इथल्या ओतशाळेचा आकार. पुढची बाजू सताड उघडी, तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा ऊन थेट आत मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. काँक्रीट ते दिवसभर पीत राहतं आणि सूर्य मावळल्यावर हळूहळू परत देतं. उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो, तेव्हा तीच वाकलेली भिंत छत्रीसारखी आड येते आणि ओतकाम सावलीत चालतं. यात फिरणारा, बिघडणारा, वीज खाणारा एकही भाग नाही.

सकाळी मूस लाल होते. दोघं जण लांब दांड्यांत धरून ती उचलतात आणि ओल्या वाळूच्या साच्यांत कांसं ओतत जातात, एकही पाऊल न चुकवता. थोड्याच वेळात साचे फोडले की आतून काळसर, ओबडधोबड घंटा निघतात. वरच्या कठड्याशी प्रवासी उभे राहून हे बघत असतात. आणि या पाव-गोलाच्या कडेकडेनं, भट्टीला लागूनच, राहती घरं आहेत.

पुण्याच्या तांबट आळीच्या परिसरात वाढलेल्या माणसाला यात फारसं नवल वाटणार नाही. काम खाली, घर वर, मधे जिना. ठोक्यांचा आवाज ऐकत मुलं मोठी होतात. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेच्या नैऋत्येला ही कल्पना जवळजवळ पाखंड होती. तिथलं सगळं शहर नेमकं उलट्या दिशेनं धावत सुटलं होतं.

त्या धावेचे आकडे बघण्यासारखे आहेत. १९५० साली फिनिक्सची लोकसंख्या होती १ लाख ७ हजार, आणि शहराचा विस्तार ४४ चौरस किलोमीटर. आज लोकसंख्या १६ लाखांच्या पुढे आहे आणि विस्तार जवळपास १,३४० चौरस किलोमीटर. म्हणजे माणसं पंधरापट झाली, जमीन तीसपट. दरडोई जागा दुप्पट! वाळवंटात इतकं ऐसपैस पसरता आलं ते तीन गोष्टींमुळे: धरणं-कालव्यांचं पाणी, स्वस्त मोटार आणि खिडकीत बसवलेलं वातानुकूलन यंत्र. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मुकाटपणे काम करून गेली. घर गार झालं तसा ओसरीचा उपयोग संपला, ओसरी गेली तसा रस्त्यावर बसणारा शेजारी गेला. आता गॅरेजचं दार आपोआप वर जातं, गाडी आत शिरते, दार खाली येतं. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सचं कमाल तापमान सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या वर राहिलं. अशा दिवसांत कोण कोणाच्या दाराशी उभा राहून गप्पा मारणार?

नियोजित वस्त्या मात्र इथे भरपूर आहेत. फिनिक्सच्या वायव्येला १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ खुली झाली, ती डेल वेब या बिल्डरनं फक्त निवृत्तांसाठी वसवलेली. पहिल्या तीन दिवसांत तिथे लाखभर माणसं बघायला आली. वेबची युक्ती अशी की त्यानं नुसती नमुन्याची घरं दाखवली नाहीत. गोल्फचं मैदान, दुकानं, करमणूक केंद्र हे सगळं आधीच बांधून दाखवलं. घराबरोबर शेजारपाजारही तयार मिळेल, असं ते आश्वासन होतं. याची हेटाळणी करण्याचा मोह अनेक बुद्धिमंतांना झाला. पण लोक तिथे खरोखर रमले, हे मान्य करायला हवं. फक्त तिथे भेटायला जायचं तर जायचं वाहनातच, निदान गोल्फच्या छोट्या गाडीतून तरी. भेटीगाठींची जागा एकीकडे, घर दुसरीकडे, मधे तापलेलं डांबर.

आर्कोसांतीची कल्पना काढणाऱ्या पाओलो सोलेरीला या पसरण्याची मनस्वी चीड होती. तो मूळचा इटलीतल्या तुरिनचा, जन्म १९१९ चा. वास्तुशास्त्राची पदवी घेऊन १९४६ च्या अखेरीला अमेरिकेत आला तो फ्रँक लॉइड राइट या बड्या वास्तुकाराकडे शिकायला. राइटचा हिवाळी आश्रम (दुसरा शब्द सुचत नाही) स्कॉट्सडेलच्या वाळवंटात होता: टॅलिएसिन वेस्ट. शिकाऊ मुलं तिथे फी भरून यायची, आणि वर दगड फोडायची, स्वयंपाक करायची, शेत नांगरायची. सोलेरी तिथे दीडेक वर्ष होता. राइटचं स्वप्न होतं प्रत्येक कुटुंबाला एकरभर जमीन देणारं पसरट शहर. शिष्यानं पुढे आयुष्यभर त्याच्या नेमकं उलटं मांडलं. पण ‘पैसे भरून राबायला येणारे विद्यार्थी’ ही गुरूची पद्धत मात्र त्यानं जशीच्या तशी उचलली. तिच्याकडे पुन्हा येऊच.

मधली काही वर्षं तो इटलीत परतला होता. तिथे अमाल्फी किनाऱ्यावरच्या व्हिएत्री गावी त्यानं मातीच्या भांड्यांचा एक कारखाना बांधला आणि बांधता बांधता कुंभारकामही शिकून घेतलं. १९५० च्या दशकात बायकोमुलींसह तो ॲरिझोनाला कायमचा आला आणि फिनिक्सच्या शेजारी पॅराडाइज व्हॅलीत त्यानं थोडी जमीन घेतली. जागेचं नाव ठेवलं ‘कोसांती’. इटालियनमधल्या ‘कोसा’ म्हणजे वस्तू आणि ‘आंती’ म्हणजे आधी किंवा विरुद्ध, या दोन शब्दांची ही कोटी. वस्तूंच्या विरुद्ध असलेल्या या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य घंटा नावाच्या वस्तू विकून चाललं, हा विनोद त्यालाही कधीतरी जाणवला असेल.

कोसांतीत त्यानं १९५६ च्या सुमारास जी पद्धत वापरली ती समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. छप्पर घालायचं तर आपण काय करतो? फळ्या ठोकतो, टेकू लावतो, सळया बांधतो, वर काँक्रीट ओतून फळ्या काढतो. सोलेरीनं फळ्याच काढून टाकल्या. जागेवरच्याच मातीचा त्यानं मोठा ढिगारा रचला, हवा तसा गोल थापला, त्यावर सळया आणि काँक्रीट घातलं. काँक्रीट घट्ट झाल्यावर खालची माती उकरून बाहेर काढली. उरलं ते छप्पर. खाली आपोआप खोली तयार, थोडी जमिनीत रुतलेली आणि म्हणून गार.

आता यातली गंमत अशी. ढिगाऱ्याच्या ओल्या मातीवर सुरीनं रेघा ओढल्या, तर त्या रेघा छताच्या आतल्या बाजूला उठून दिसतात. मातीवर रंगाची पूड पसरली, तर तो रंग काँक्रीटच्या अंगात जातो. म्हणजे नक्षी काढायला वेगळा कलावंत, वेगळा दिवस, वेगळा पैसा नको. जो फावडं चालवतो तोच नक्षी काढतो. इमारत झाल्यावर तिच्यावर कला लावायची नाही. इमारत उभी राहण्याच्या ओघातच ती उमटते. आर्कोसांतीत कुंभारशाळेच्या पाव-गोलात वर बघितलं की पट्ट्यापट्ट्यांत हे रंग आणि आकार दिसतात. कोणाचीही सही त्यावर नाही.

मातीच्या घंटाही याच युक्तीनं होतात. बारीक गाळ दाबून बसवतात, त्यात घंटेच्या आकाराचा खड्डा करतात आणि दुधासारखी पातळ केलेली चिकणमाती काठोकाठ भरतात. कोरडा गाळ कडेनं पाणी शोषून घेतो, त्यामुळे खड्ड्याच्या भिंतीला मातीचा थर धरू लागतो. हवी तेवढी जाडी आली की मधली पातळ माती उपसून घ्यायची. थोडं सुकल्यावर गाळ बाजूला सारून घंटा काढायची, तिच्यावर रेघा कोरायच्या, भाजायची. साचा दर वेळी मोडतो, म्हणून हुबेहूब सारख्या दोन घंटा निघत नाहीत. घंटेत लोलक असतो आणि लोलकाखाली वारा पकडायला एक पट्टी. वाजवायला माणूस लागत नाही, वारा पुरतो. आणि वाळवंटात वाऱ्याची कमतरता कधीच नसते.

१९६९ साली सोलेरीचं जाडजूड, आडव्या आकाराचं पुस्तक आलं: ‘आर्कॉलॉजी’. आर्किटेक्चर आणि इकॉलॉजी हे दोन शब्द जोडून त्यानं हा शब्द घडवला. त्यातल्या आराखड्यांत लाख लाख माणसांची शहरं एकेका अवाढव्य इमारतीत रचलेली होती. युक्तिवाद सोपा होता: शहर आडवं पसरण्याऐवजी एकवटलं, तर गाडी लागणार नाही, नळ-तारांची लांबी घटेल, आणि दाराबाहेर पाच मिनिटांवर उघडं रान असेल. १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या कॉर्करन गॅलरीत त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं. त्याच वर्षी आर्कोसांतीचं काम सुरू झालं. पाच हजार वस्तीचं गाव, बांधकाम २५ एकरांत, भोवतीची चार हजार एकर जमीन मोकळी, असा पुढे स्थिरावलेला आराखडा.

जागा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटर उंचीवर, आगुआ फ्रिया नदीच्या खोऱ्यात, एका पठाराच्या कडेला आहे. समोरचे कडे बेसाल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड, फक्त हिरवळ खरवडून काढलेला. सोलेरीनं तिथे ऑलिव्ह आणि इटलीतले उंच सुरू लावले. उन्हाळ्यात इथेही गडगडाटी सरी येतात आणि हवामान खातं त्यांना चक्क ‘मान्सून’ म्हणतं.

या जागेपासून चाळीसेक किलोमीटर उत्तरेला गेलं तर चुनखडीच्या कड्यात, जमिनीपासून खूप वर, पाच मजल्यांची आणि वीस खोल्यांची एक जुनी वस्ती दिसते. तिला मॉन्टेझुमाचा किल्ला म्हणतात. मॉन्टेझुमा या ॲझ्टेक राजाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. बाराव्या शतकाच्या आसपास ती बांधायला सुरुवात करणारे लोक सिनाग्वा या नावानं ओळखले जातात. हे नावही स्पॅनिशांच्या भाषेतलं, अर्थ ‘पाण्याविना’. त्यांनी घरासाठी निवडलेली कड्यातली खोबण दक्षिणेकडे तोंड करून आहे. वर कड्याचा ओठ पुढे आलेला. हिवाळ्यात ऊन आत, उन्हाळ्यात सावली. सोलेरीचा पाव-गोल म्हणजे ही खोबणच, काँक्रीटमध्ये ओतलेली. भविष्याचं शहर म्हणून मासिकांनी जे छापलं, त्याचा पाठ शेजारच्या कड्यावर आठशे वर्षं लिहून ठेवलेला होता.

गाव बांधलं कोणी? विद्यार्थ्यांनी, हिप्पींनी, सुट्टी काढून आलेल्या नोकरदारांनी. पाच-सहा आठवड्यांच्या कार्यशाळेला नाव घालायचं, फी भरायची आणि फावडं हातात घ्यायचं. पाच दशकांत सात-आठ हजार माणसं अशी येऊन गेली. दरीत, नदीच्या अंगाला, अडीच-अडीच मीटरच्या काँक्रीटच्या चौकोनी खोल्या होत्या, त्यांत मुक्काम. कार्यशाळा केल्याशिवाय रहिवासी होता येत नसे. मला या पद्धतीबद्दल दोन्ही बाजूंनी बोलावंसं वाटतं. ज्या छतासाठी आपण स्वतः माती थापली, त्याखाली बसून जेवण्याचं सुख विकत मिळत नाही, हे खरं. तिथे काही आठवडे काढून गेलेली माणसं पुढे पन्नास वर्षं त्याच आठवणीवर गप्पा मारतात. पण शहर बांधायचं आणि गवंड्याला मजुरी द्यायची नाही, उलट त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे, हा हिशेब कुठल्याही गावात फार दिवस चालत नाही. तरुणपणी सहा आठवडे चालतो. लग्न झालं, मूल शाळेच्या वयाचं झालं, की माणूस नोकरी शोधायला फिनिक्सच्या रस्त्याला लागतो.

म्हणून आर्कोसांतीची लोकसंख्या पन्नास ते दीडशेच्या दरम्यान हेलकावत राहिली. पाच हजारांच्या आराखड्यातला विसावा हिस्साही उभा राहिला नाही. पहिल्या दहा-बारा वर्षांत भराभर इमारती झाल्या: दोन मोठ्या कमानींचा मंडप, कुंभारशाळा, ओतशाळा, गोल खिडक्यांची जेवणघर-दुकान-संग्रहालय अशी चार मजली इमारत. पुढे वेग मंदावला तो मंदावलाच. उत्पन्न तीनच ठिकाणांहून यायचं: कार्यशाळेची फी, प्रवासी आणि घंटा. शहर ओतायला निघालेल्या माणसाकडे पैसा होता घंटा ओतण्यापुरता.

तरीही जे थोडं उभं राहिलं, त्यात माणसं कशी राहतात हे बघण्यासारखं आहे. गाड्या वस्तीच्या कडेला सोडाव्या लागतात. सकाळी सगळे एकत्र जमून कामं वाटून घेतात. कामावरून घरी जायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्या वाटेत चार जण भेटतातच, कारण वाट एकच आणि सावलीही तिथेच. दोन कमानींचा जो मंडप आहे, त्याला दारं नाहीत, खोल्या नाहीत, ठरीव उपयोगही नाही. वस्तीतली सगळ्यात मोठी वास्तू आणि तिचं काम काय, तर सावली पाडणं! आपल्याकडे वडाभोवती पार बांधतात. इथे वड नव्हता, म्हणून तोही बांधावा लागला. पलीकडे अर्धचंद्राकार घरांच्या कुशीत खुलं रंगमंदिर आहे. सोलेरीची पत्नी कॉली १९८२ साली गेली, तिचं नाव त्याला दिलं आहे. घरांच्या खिडक्या थेट रंगमंचाकडे उघडतात. कार्यक्रम बघायचा नसला तरी ऐकावा लागतो, ही अर्थात दुसरी बाजू.

इथल्या कार्यक्रमांच्या इतिहासात १९७८ चा महोत्सव विसरता येत नाही. हजारो माणसं गाणी ऐकायला आली आणि आली तीही गाड्या घेऊनच, कारण रस्त्यापासून दूर रानात यायला दुसरा मार्गच नव्हता. गाड्या वाळलेल्या गवताच्या माळावर लावल्या. गवतानं पेट घेतला आणि शंभराहून अधिक गाड्या जळून खाक झाल्या. मोटारविरहित शहराच्या उत्सवात मोटारींचीच होळी! सोलेरीच्या विरोधकांना याहून चांगला दाखला मिळाला नसता. २०१४ पासून काही वर्षं ‘हंड्रेड वॉटर्स’ या वाद्यवृंदानं पुन्हा तिथे संगीत महोत्सव भरवले, तेव्हा मुद्दाम थोड्याच लोकांना बोलावलं जाई.

सोलेरी २०१३ साली, ९३ व्या वर्षी वारला. त्याला आर्कोसांतीतच पत्नीशेजारी पुरलं आहे. चार वर्षांनी त्याच्या धाकट्या मुलीनं जाहीर लेख लिहून सांगितलं की बापानं तिच्या किशोरवयात तिचं लैंगिक शोषण केलं, आणि भोवतालच्या माणसांना सांगूनही त्याचं थोरपण कोणाला बाजूला ठेवता आलं नाही. हा मजकूर आर्कोसांतीवरच्या लिखाणात पुष्कळदा तळटीपेत टाकतात. तो तिथला नाही. एका माणसाच्या प्रतिभेभोवती गाव उभं करायचं ठरवलं की त्या माणसाला प्रश्न विचारायची जागा आराखड्यात उरत नाही. कमानी, मंडप, रंगमंदिर सगळं होतं, चावडी नव्हती. सन सिटीत निदान रहिवाशांच्या संघटना आहेत, तक्रारी आहेत, निवडणुका आहेत, भांडणं आहेत. समूहजीवन म्हणजे काही फक्त संध्याकाळी एकत्र जेवणं नव्हे.

सार्वजनिक कलेचा चावडीतून जाणारा रस्ता बघायचा तर फिनिक्समध्येच परत यावं लागतं. १९८६ साली शहरानं ठरवलं की सार्वजनिक बांधकामांच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी राखायचा. १९९२ च्या सुमाराला वस्त्यांना चिरत एक नवा द्रुतगती मार्ग गेला. घरांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती घातल्या. मॅग्ज हॅरिस आणि लायोश हेडर या कलावंत जोडप्याला त्या भिंती सजवायचं काम मिळालं. त्यांनी काय केलं, तर भिंतीवर आणि भिंतीलगत प्रचंड आकाराची भांडी ठेवली: किटल्या, सुरया, कप, रांजण. तीसहून अधिक नग, खर्च पावणेपाच लाख डॉलरच्या आसपास. शहरात हलकल्लोळ झाला. करदात्यांच्या पैशांतून ही असली मडकी? वर्तमानपत्रांत पत्रं, टवाळी, कोणी त्यांना रात्रीच्या लघवीची भांडी म्हटलं. पण भांडणाच्या निमित्तानं भिंतीच्या अल्याड-पल्याडचे लोक एका विषयावर बोलू लागले, हेही झालंच. काही वर्षांत विरोध मावळला आणि ही मडकी शहराच्या ओळखीत जाऊन बसली. आर्कोसांतीच्या छतावरची नक्षी कोणालाही विचारून काढलेली नव्हती आणि तिच्यावर कोणी भांडलंही नाही. सुंदर कोण, हा प्रश्न मी सोडून देतो. यातलं गावाचं जास्त कोणतं झालं, याचं उत्तर मला मडक्यांच्या बाजूनं द्यावंसं वाटतं.

सतरा वर्षांनी, २००९ मध्ये, फिनिक्सच्या मध्यवस्तीत एका बागेवर जेनेट एकेलमन या शिल्पकर्तीचं जाळं टांगलं गेलं. जमिनीपासून ४४ मीटर उंचीपर्यंत जाणारं, वाऱ्यावर फुगणारं, निवडुंगाच्या फुलासारखं. याचा उगम तमिळनाडूत आहे. १९९७ साली एकेलमन शिष्यवृत्तीवर भारतात आली होती, महाबलीपुरमला चित्रप्रदर्शन ठरलं होतं आणि तिचे रंग वेळेवर पोचलेच नाहीत. रोज संध्याकाळी समुद्रावर पोहायला जायची, तिथे कोळी जाळी गोळा करून ढीग लावत होते. त्या ढिगांकडे बघताना तिला सुचलं की वजन नसलेलं शिल्प असं करता येईल. फिनिक्समध्ये त्या जाळ्याला तिनं आणखी एक काम दिलं: जमिनीवर सावलीची चित्रं काढण्याचं. या मुलखात सावली फुकट जात नाही.

सोलेरीलाही अखेर शहरात जागा मिळाली, तीही ज्या पसरट उपनगरांवर तो आयुष्यभर टीका करत आला त्यांच्याच मध्यात. साठ वर्षं तो पुलांची चित्रं काढत होता आणि एकही पूल बांधला गेला नव्हता. डिसेंबर २०१० मध्ये, तो ९१ वर्षांचा असताना, स्कॉट्सडेलमध्ये ॲरिझोना कालव्यावर त्याचा पादचारी पूल खुला झाला. लांबी चाळीसेक मीटर. पुलाच्या एका टोकाला वीस मीटर उंचीचे दोन स्टीलचे खांब, त्यांच्यात वीतभरापेक्षाही कमी फट. पूल बरोबर उत्तर-दक्षिण धरून बांधला आहे, म्हणून सूर्य माथ्यावर आला की त्या फटीतून उन्हाची एक पट्टी पुलाच्या पाटावर पडते. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात; स्कॉट्सडेल आपल्या कालविभागाच्या मध्यरेषेच्या बरंच पश्चिमेला असल्यामुळे साडेबाराच्या आगेमागे ही वेळ येते. पलीकडच्या चौकात घंटा टांगलेल्या आहेत, शेजारी मातीत ओतलेल्या नक्षीचे काँक्रीटचे तक्ते आहेत. आर्कोसांतीत जे जे होतं ते सगळं इथे आलं आहे, फक्त राहणारी माणसं सोडून.

आर्कोसांतीच्या घंटा मात्र या सगळ्यांहून लांब गेल्या. गेली पन्नासहून अधिक वर्षं त्या ओतल्या जात आहेत आणि प्रवाशांच्या गाड्यांच्या डिक्कीतून फिनिक्सच्या उपनगरांत, तिथून देशभर पसरत आहेत. गॅरेजवाल्या, वातानुकूलित, दार मिटलेल्या घरांच्या मागच्या अंगणात त्या टांगलेल्या असतात. याच घरांच्या पैशांतून आर्कोसांतीचं काँक्रीट आलं. दुपारी अंगणात कोणी नसतं. मान्सूनच्या आधीचा धुळीचा वारा सुटतो, लोलकाखालची पट्टी कलते आणि घंटा वाजायला लागते. कुंपणापलीकडच्या घरात ती ऐकू येते.